बाबलकाकांची चकाकी

बाबलकाका पेडणेकर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही, माझ्या बायकोला केला नाही, भिंतीवरच्या गणपतीलाही केला नाही. दारातून शिरले ते तडक हॉलच्या कोपऱ्यातल्या जुन्या काळ्या स्विचबोर्डापाशी गेले. स्विचवर अंगठा ठेवला आणि तो असा खसाखसा घासू लागले की आतली वीज लाजून परत फिरली असती. मिनिटभर घासून झाल्यावर तो अंगठा त्यांनी नाकाशी नेला, डोळे मिटले आणि अत्तर हुंगावं तसा एक लांब श्वास घेतला.

"अस्सल!" ते म्हणाले. "जपा हो. सोन्यासारखा बोर्ड आहे."

आणि गेले. चहा नाही, पाणी नाही, नाव-गाव नाही. अंधेरीच्या त्या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम तीन दिवस झाले होते. बायकोने दाराला आतून कडी घातली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भाड्याचा करार किती महिन्यांचा केलायस?"

पुढे कळलं, की तो अंगठा ही बाबलकाकांची प्रयोगशाळा आहे. बॅकेलाइट नावाचं एक जुनं प्लास्टिक असतं. तुमच्या आजोळी काळे गोल स्विच असतील, कुकरला काळी दांडी असेल, मावशीकडे तपकिरी रंगाचा जाडजूड रेडिओ असेल, तर तुम्ही ते पाहिलेलं आहे. ते अंगठ्याने गरम होईपर्यंत घासलं की त्याला जुन्या दवाखान्याच्या फरशीसारखा वास येतो. नकली मालाला तो येत नाही. काका साकीनाक्याच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं साच्यातून असले स्विच आणि प्लग काढत होते. कारखाना कधीचा बंद पडला. अंगठा मात्र अजून ड्यूटीवर आहे.

आणि त्याला रजा नाही. चौथ्या मजल्यावरच्या राणेआजी गेल्या तेव्हा सगळी सोसायटी भेटायला गेली. थोड्या वेळाने पाहतो तो काका गायब. सापडले स्वयंपाकघरात. भिंतीकडे तोंड, मान खाली, हात नाकाशी. राणेंच्या सुनेला वाटलं, रडतायत. ती बिचारी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेली, पाठीवर हात ठेवून "काका, सावरा" म्हणाली. काका पाणी प्यायले आणि सावरले. जिन्यात मला म्हणाले, "बाई मोठी होती रे सुधीर. कुकर तीनदा बदलला असेल, पण दांडी शेवटपर्यंत जुनीच बसवून घेतली."

याहून चांगली श्रद्धांजली त्या दिवशी कुणी वाहिली नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

काकांचा खरा उद्योग मात्र रेडिओंचा. जुन्या रेडिओंच्या प्लास्टिकच्या पेट्या चकचकीत करणं. फक्त पेट्या, लक्षात घ्या! आतल्या भानगडीशी त्यांना कर्तव्य नाही. मालक आला की आतलं यंत्र, दिवे, तारा सगळं काढून एका पिशवीत भरून ती पिशवी ते मालकाच्याच हातात देतात. "हे तुमचं. घरी ठेवा." मागे एकदा मुलुंडचे एक गृहस्थ तयार झालेली पेटी न्यायला आले आणि चुकून बोलून गेले, "पण काका, आता हा वाजेल ना?"

काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "कशाला वाजायला हवा? तुम्ही वाजताय, तुमची मिसेस वाजते, खाली रस्ता खणायचं मशीन वाजतंय. घरात एक तरी वस्तू गप्प बसलेली नको?"

याच गृहस्थांच्या रेडिओवरून मोठा प्रसंग झाला होता. काकांची एक खोड अशी, की पेटी हातात आली की ती आधी वाचायची. कुठली बाजू जास्त फिकी, कुठे धूर बसलाय, कुठे तेलाचा थर. त्यावरून ते घर सांगतात. "डाव्या बाजूला खिडकी होती, पश्चिमेची. वरच्या फळीवर समई असायची. खाली पाळणा होता का हो?" आणि माणसं आ वासून माना हलवतात. मुलुंडकरांच्या पेटीची मागची बाजू काकांनी ओल्या बोळ्याने पुसली, बोळा पिवळा झाला, आणि ते सहज म्हणाले, "घरात कोणीतरी रेडिओच्या आड लपून सिगारेट ओढतं. जुनं व्यसन नाही. हल्लीचंच आहे."

मुलुंडकर एकटे आले असते तर काही बिघडलं नसतं. ते सपत्नीक आले होते.

पेटीला चकाकी आणायची काकांची रीत मी इतक्या वेळा पाहिली आहे, की झोपेत सांगेन. आधी कोमट पाणी आणि अंगाचा साबण, तोही बोळ्याने. पाण्यात बुडवायचं नाही, कारण बॅकेलाइटच्या पोटात लाकडाचा भुसा असतो, तो फुगतो. मग ओरखड्यांवर पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश कागद. मग पितळेची भांडी घासायची ती पेस्ट. शेवटी तपकिरी बूट पॉलिशचा हात. आणि हे सगळं करताना काका तोंडाने शिकवत असतात, समोर कोणी असो नसो. "चकाकी लावायची नसते. ती आत असतेच. तुम्ही फक्त बाजूला व्हायचं." दुसरं वाक्य, "घासा. पण रागाने नको." हे त्यांनी एकदा आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून सांगितलं होतं. विषय पाण्याच्या टाकीचा होता.

या कामाला फडकं मात्र एकच चालतं: जुनं, वापरून वापरून मऊ पडलेलं सुती बनियन. मजुरी म्हणूनही ते तेच घेतात. रेडिओमागे तीन बनियन, धुतलेली. परिणाम असा, की आमच्या सोसायटीतल्या एकाही पुरुषाला आपलं बनियन शेवटपर्यंत वापरायला मिळत नाही. ते जरा अंगाला छान बसू लागलं, की बायको ते काकांकडे पोचवते. काका एकेक हातात घेऊन पारखतात. "हे दुसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांचं. घाम कमी, बसून काम. शेवटच्या हाताला उत्तम." माझ्या बनियनाबद्दल ते काय म्हणाले हे मी विचारलं नाही, कारण ते मी त्यांच्याकडे खिडकीच्या काचा पुसताना पाहिलं.

त्यांच्या तळमजल्याच्या घरात, भिंतभर फळ्यांवर, त्यांचे स्वतःचे एकतीस रेडिओ आहेत. तपकिरी, काळे, एक मोरपंखी, एक डाळिंबी. समोर उभं राहिलं की एकतीस ठिकाणी आपलं तोंड दिसतं. माझ्यासारख्या देखण्या माणसालाही ते जरा जास्त होतं.

तर असा हा माणूस. आता त्याची फजिती सांगतो.

नारळी पौर्णिमा होऊन महिना झाला असेल. रविवारी सकाळी मी काकांच्या ओट्यावर बसून, शेजाऱ्याला काम करताना पाहण्यात जे सुख असतं ते भोगत होतो. तेवढ्यात हर्षा आली. हर्षा म्हणजे आमची कोळीण. वर्सोव्याची, पंचेचाळिशीची. आमच्या नाक्यावर मासे विकते आणि गिऱ्हाइकाला शिव्या देत देत एक पापलेट जास्त टाकते. त्या दिवशी तिच्या टोपलीत मासे नव्हते. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते काढून काकांच्या पुढ्यात ठेवलं.

रेडिओ होता. जुना, गोल खांद्यांचा. आणि निळा! कसला निळा? होडीचा निळा. जाड, चकाकत्या तेलरंगाचे ओघळ, एका ओघळात अडकलेला डास.

काका उठून उभे राहिले. "अगो, ह्या कोणी केल्यान?" हरखले किंवा हादरले की काका मालवणीवर जातात.

"आमचे नवऱ्यान," हर्षा म्हणाली. "दुसरा कोन?"

कोळीवाड्यात पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि पौर्णिमेला दर्यात लोटायच्या आधी त्या रंगवतात. आणि होडीला लावून डब्यात जो रंग उरतो, तो कोणी टाकून देत नाही. तो दाराला लागतो. स्टुलाला लागतो. तुळशीच्या कुंडीला, पाण्याच्या पिंपाला, जो समोर येईल त्याला लागतो. यंदा अर्धा डबा जास्त उरला. हर्षाच्या नवऱ्याची नजर घरभर फिरली आणि रेडिओवर थांबली.

"रंगवला तर रंगवला," हर्षा म्हणाली. "पन म्हातारीला दिसत नाय ना!"

म्हातारी म्हणजे तिची सासू, हिराआय. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. तो रेडिओ तिच्या नवऱ्याने घेतलेला. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, रेडिओ बंद पडून पंधरा. तरी म्हातारी रोज सकाळी खिडकीशी बसून त्यावर हात ठेवते. रंग वाळल्यावर तिने हात ठेवला, तो वेगळंच काहीतरी गुळगुळीत लागलं. तिने ठरवून टाकलं, की सुनेने तिचा रेडिओ विकला आणि त्या जागी भलतंच काही ठेवलं. मुलगा शपथा घेऊन थकला. "तूपन तिचेच बाजूचा," म्हणाली त्याला.

"तवापासून माझे हातचा जेवत नाय," हर्षा म्हणाली. तिचा बाजारातला आवाज कुठेतरी खाली गेला होता. "शेजारनीकडची भाकर खाते, माझी नाय. चोरनीचा नको म्हनते. बावीस वर्सं झाली काका मना त्या घरान. कवा तिचे अगोदर मी जेवले नाय. आता वाड्यातल्या बायका माझेकडं बघतात." तिने डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं पुसलं. "यो रंग काढा. तिचे हाताला ओळखू आला पायजे. बस."

"ओळखेल?" काका म्हणाले. "अगो, नाचात म्हातारी! बघीत रव!"

इथेच, वाचकहो, माणूस चुकला. काका कधीही पेटी हातात घेतली की घर विचारतात. कुठे होती, कोण जवळ बसायचं. त्या दिवशी त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. तो निळा रंग पाहून त्यांच्या अंगात आलं होतं.

पुढचे दहा दिवस आमच्या सोसायटीत दुसरा विषय नव्हता. तेलरंग काढायला थिनर वापरता येत नव्हता, त्याने खालचं बॅकेलाइट कायमचं मेलं असतं. म्हणून काकांनी तो खरवडून काढायचं ठरवलं, आणि त्यासाठी त्यांना हव्या होत्या कुल्फीच्या लाकडी काड्या. चाकू ओरखडे काढतो, काडी काढत नाही. पण काकांना मधुमेह. तेव्हा कलेसाठी कोणीतरी कुल्फी खाणं भाग होतं. मी अकरा खाल्ल्या. माझी बायको याला अजूनही वेगळं नाव देते.

काडीची धार करून काका एकेक चिमूट रंग उचलत. पहिल्या दिवशी एक कोपरा उघडा पडला. खालून दाट तपकिरी रंग दिसला, गुळाच्या ढेपेसारखा. काका ओरडले, "सुधीर! ये! जिवंत आसा!" जिन्यातून चार माणसं धावत आली. त्यांना वाटलं, कोणाला तरी शुद्ध आली.

सातव्या दिवशी सगळा निळा गेला. पेटीच्या वरच्या फळीवर मात्र, उजवीकडे, तळहाताएवढी जागा पांढरट आणि खडबडीत होती. काका त्या जागेवर खूप चिडले. "मीठ बसलंय. मिठाने खाल्लंय बघ." त्यांनी त्या एका जागेला दोन दिवस दिले. बारीक कागद, त्याहून बारीक कागद, पेस्ट, पुन्हा कागद. दहाव्या दिवशी जोश्यांच्या बनियनाने शेवटचा हात मारला आणि मला हाक मारली.

त्या पेटीच्या वरच्या फळीत काकांच्या खोलीतला पंखा फिरताना दिसत होता. त्याच्या पात्यांवरची धूळसुद्धा दिसत होती.

"आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम," काका म्हणाले. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला.

आम्ही रविवारी मेट्रोने वर्सोव्याला गेलो. पेटी काकांच्या मांडीवर, टॉवेलात. समोरच्या बाईने विचारलं, "बाळ झोपलंय का?" काकांनी "हो" म्हटलं.

हर्षाचं घर खाडीकडे तोंड करून होतं. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते. दार निळं, स्टूल निळं, पिंप निळं. हिराआय खिडकीशी पाटावर बसलेली, लहानखुरी, गळ्यात सोन्याची जाड माळ. दिसत नव्हतं, पण आम्ही आत शिरताच तिने मान वळवली. "कोन? दोघं हाय. एक जाडा हाय."

मी पोट आत घेतलं.

हर्षाने पेटी सासूपुढच्या फळीवर ठेवली. तिचा नवरा दारात उभा राहिला, आपल्याच निळ्या चौकटीला टेकून. काकांनी हात मागे बांधले, छाती पुढे काढली. हिराआयने हात उचलला आणि पेटीवर ठेवला.

हात फिरला. डावीकडून उजवीकडे. मग परत. उजवीकडे जाऊन थांबला, चाचपला, पुन्हा चाचपला. आणि तिने विस्तवाला लागल्यासारखा तो मागे घेतला.

"काच हाय," ती म्हणाली. "नवा हाय. मना आंदळीला फसवतेस, हर्षा?"

हर्षाने भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू खाली बसली. बाजारात चार गिऱ्हाइकांना एकाच वेळी गप्प करणारी बाई. तिचं तोंड पाहवत नव्हतं.

काकांचं तर त्याहून नाही. मी त्यांच्या दंडाला धरलं, कारण मला वाटलं ते म्हातारीला चकाकीवर व्याख्यान देतील. त्यांनी माझा हात सोडवला, पुढे झाले, आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. सत्तरीच्या माणसाच्या गुडघ्यांनी जो आवाज करायचा तो केला.

"आये," ते म्हणाले, "मी पेडणेकर. मी घासला ह्यो. माका सांग, तुझो कसो होतो?"

पहिल्या दिवशी विचारायचं ते त्यांनी आता विचारलं.

म्हातारी म्हणाली, "आमचा नाखवा दर्यान असाचा. वारा सुटला का रेडिओवर सांगाचे. मी मासली साफ करत असाची. सांगाला लागले का उठून याची आन वर हात ठेवून ऐकाची. हात धुवाला कोन थांबतो? तवर सांगून व्हयल ना!" ती हसली. "मिठाचा हात. खवल्यांचा हात. किती वर्सं! मंग ती जागा अशी झाली… मुशीचे पाठीवानी. खरखरीत. हात ठेवला का मना समजाचा."

मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या पाठीवर हात फिरवलात तर सालटं निघतात.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दोन दिवस, सुधीर, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्या एका जागेला दोन दिवस.

"हर्षा," ते म्हणाले, "चूक माझी आसा, तुझी नाय. घरात माकुलाचं हाड आहे काय?"

माकूल या मऊ अंगाच्या समुद्रजीवाच्या पाठीत जे पांढरं, हलकं, पावासारखं ठिसूळ हाड असतं, ते कोळीवाड्यात कुठेही पडलेलं सापडतं. हर्षाच्या नवऱ्याने अंगणातून दोन आणून दिली. हातून झालेल्या पापाची भरपाई म्हणून त्याने बहुतेक वीस आणली असती. काकांनी हाडाची बोटाने भुकटी केली, चार थेंब पाणी टाकलं, आणि आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या कामाच्या उजव्या कोपऱ्यावर ती टाकून घासायला लागले.

फडकं नाही, बनियन नाही. नुसता हात.

त्या फळीत मघाशी खिडकी दिसत होती, खिडकीतली खाडी दिसत होती, आणि काकांचं स्वतःचं तोंड दिसत होतं. मी पाहत होतो. आधी खाडी गेली. मग खिडकी. मग तोंडाच्या जागी एक करडा धब्बा राहिला.

"बघ, आये," काका म्हणाले.

तिने बोटं लावली. "नाय. अजून."

पुन्हा घासलं.

"आता?"

"हाताचे मागं. अंगठा असतो तिथं. हा, तिथं. जोर लाव ना! जेवला नायस का?"

उभा जन्म ज्या माणसाने लोकांना हळू घासा म्हणून सांगितलं, तो दात-ओठ खाऊन घासू लागला. घाम नाकावरून पेटीवर पडत होता. म्हातारी त्याला झापत होती. "आरं कडेला नको. कडा गुळगुळीतच होती. कोनी शिकवला तुना?" काका "होय आये, होय आये" म्हणत होते. काकांना कोणी शिकवतंय आणि ते ऐकून घेतायत, हे दृश्य पाहायला आमची अख्खी सोसायटी तिकीट काढून आली असती.

पाऊण तास गेला असेल. हाड संपलं, दुसरं घेतलं. मग म्हातारीने सांगायची वाट न पाहता स्वतःच हात पुढे केला. तळहात त्या जागेवर टेकला. बोटं थोडी पसरली. करंगळी कडेवरून खाली गेली आणि तिथे जाऊन बसली, रोजची जागा असल्यासारखी.

बाहेर कोणाची तरी बोट सुरू होत नव्हती, फट-फट करून बंद पडत होती.

मग ती म्हणाली, "हर्षा, गो. भात टाकला का? भूक लागली."

हर्षा उठली. स्वयंपाकघराच्या दारात पोचली आणि तिथून तिचा नेहमीचा आवाज परत आला. "आता बरी भूक लागली! शेजारनीची भाकर सरली वाटतं? बावीस वर्सांत एकदा तरी मी काय विकलाय का तुमचा? हां? बोला!"

"बोंबील जास्त तळू नको," म्हातारी म्हणाली. "करपवतेस नेहमी."

"करपवते! ऐका!" आतून भांडी वाजली. मग थोडा वेळ भांडी वाजायची थांबली, नळ मात्र सुरू राहिला. तिचा नवरा आत गेला.

काका उठायला लागले. "येतो, आये," म्हणाले.

हिराआयने डावा हात पुढे केला, चाचपडत त्यांचं मनगट शोधलं आणि धरलं. "जेवून जा."

"नको. डबा येतो माझा."

"कुटून?"

"खानावळीतून."

"तुजे घरान कोन हाय?"

बाबलकाका पेडणेकरांना मी सोळा वर्षं ओळखतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हा प्रश्न मला विचारलाय. मी बोंबलांकडे पाहू लागलो. काकू गेल्या त्याला आठ वर्षं होऊन गेली. पहिला रेडिओ काकांनी त्यानंतरच्याच महिन्यात आणला होता, हे मला माहीत होतं. पण आमच्यापैकी कोणी कधी त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"कोण नाय गे, आये," काका म्हणाले.

"मंग बस," ती म्हणाली. मनगट सोडलं नाही.

ते बसले. हर्षाने भात वाढला, बोंबील वाढले. ते खरोखर करपले होते. आधी सासूच्या ताटात, मग काकांच्या, मग माझ्या. म्हातारीने पहिला घास घेतला आणि हर्षा तोपर्यंत पळी हातात धरून उभी होती. मग ती बसली. काका खाली मान घालून जेवले. तीनदा भात घेतला. मधुमेहाची आठवण मी करून दिली नाही.

परतीच्या मेट्रोत मांडीवर नुसता टॉवेल होता. काका बराच वेळ त्याची घडी घालत होते. काकांच्या कारखान्याचं साकीनाका आमच्या पुढे होतं, तिथे आम्हाला जायचं नव्हतं, तरी काकांनी दाराच्या वरचा नकाशा दोनदा वाचला.

"सुधीर," ते म्हणाले.

"काय काका?"

"पुढच्या रविवारी तू नको येऊ. तुला सुट्टीचा दिवस असतो. मी एकटाच जाईन म्हणतो. पेटीच्या डाव्या बाजूला थोडं काम राहिलंय."

डाव्या बाजूला काहीही राहिलेलं नव्हतं. मी स्वतः हात फिरवून पाहिला होता.

"राहणारच," मी म्हणालो. "डावी बाजू जरा चिवट असते, काका. दोन-चार रविवार तरी लागतील."

"लागतील ना?" ते म्हणाले, आणि टॉवेल बगलेत मारून दारापाशी जाऊन उभे राहिले. आमचं स्टेशन यायला अजून दोन थांबे होते.